हात पुरेल तेवढी भिंत

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर 'वर्कफोर्स प्लॅनिंग अँड स्किलिंग' असं छापलेलं आहे. सासूबाई नातेवाइकांना सांगतात, "आमची सून बांधकामावर माणसं मोजते." दोन्हींपैकी सासूबाईंचं वर्णन जास्त खरं आहे. शिवाय त्यात एक सोय आहे, की पुढे कोणी काही विचारत नाही.

काम असं, की एका बिल्डरच्या खराडीतल्या ऑफिसात काचेमागे बसून, वाघोलीच्या साइटवर पुढे कोणत्या आठवड्यात किती सुतार, किती फिटर आणि किती गवंडी लागतील ते आधीच सांगून ठेवायचं. आर्किटेक्ट इमारत कागदावर उभी करतो, माणसं ती जमिनीवर उभी करतात, आणि ती माणसं त्या दिवशी तिथे असतील का, ही काळजी माझी. मी येरवड्यात वाढलेली, सिव्हिलचा डिप्लोमा केलेली आणि अर्धं आयुष्य या धंद्यात घालवलेली बाई आहे. माझा अंदाज सहसा चुकत नाही. अशा वेळी 'हे मी गर्वानं सांगत नाही' असं म्हणायची पद्धत आहे. मी गर्वानंच सांगते.

ऑफिसच्या कॅलेंडरात दिवाळीची सुट्टी मोजून चार दिवसांची असते. साइटची दिवाळी वेगळी. आमच्याकडे गिलावा करणारी बहुतेक मंडळी बिहारची आणि बंगालची. ती दिवाळीच्या आधीच गाडीत बसतात, छठ करतात, भात कापतात, घरातलं एखादं लग्न उरकतात आणि मग सावकाश परततात. तोवर विटांच्या भिंती उघड्याच राहतात. आमच्या साहेबांना याचं दर वर्षी नव्यानं आश्चर्य वाटतं. गेल्या वर्षी ते मीटिंगमध्ये म्हणाले, की असं अचानक कसं झालं. मी म्हटलं, साहेब, छठ अचानक येत नाही, पंचांगात छापून येतो.

मग मी माझी योजना मांडली. साइटवर आणखी एक जमात होती, जी सणाला आठवडाभर जाऊन परत येत असे. वाशीम, हिंगोली, यवतमाळकडच्या जोड्या. या धंद्यात माणसं एकेकटी मोजत नाहीत, जोडीनं मोजतात. नवरा गवंडी, बायको बिगारी. ती माल कालवते, घमेलं भरून आणून देते आणि तो भिंतीवर मारतो. या बायका वर्षानुवर्षं भिंतीच्या पायथ्याशी उभ्या राहिलेल्या. सिमेंटला वाळू किती, पाणी किती, हे त्यांना विचारावं लागत नाही. त्यांच्या हातात घमेल्याऐवजी थापी दिली, तर दिवाळीचा प्रश्न सुटेल, असं माझं म्हणणं होतं. साहेबांनी ते लगेच मान्य केलं. दिवाळीपेक्षा त्यांना 'महिला सक्षमीकरण' हे शब्द जास्त आवडले, कारण ते माहितीपुस्तिकेच्या मागच्या पानावर छान मावतात.

प्रशिक्षणाचं काम एका एजन्सीला दिलं. एजन्सीचा माणूस उत्साही होता, इस्त्रीच्या शर्टातला. साइटच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये त्यानं सरावाच्या भिंती बांधून घेतल्या आणि बायका कामाला लागल्या. सर्टिफिकेटं छापायची वेळ आली तेव्हा तो मला विचारायला आला, की 'गवंडीण' लिहू ना. मी त्याला समजावलं, की सुतारीण म्हणजे सुताराची बायको, डॉक्टरीणबाई म्हणजे डॉक्टरांची बायको, तशी गवंडीण म्हणजे गवंड्याची बायको. ती तर या सगळ्या आधीपासूनच आहेत, त्यासाठी सर्टिफिकेट कशाला? मग काय लिहू, म्हणाला. मी म्हटलं, गवंडीच लिही. भाषेला थोडा त्रास होऊ दे, मरणार नाही ती.

त्या बायकांमध्ये एक वाशीमकडची होती. उंच, काटक, साडीवर पुरुषी शर्ट घालणारी आणि तोंडानं जहाल. त्यांच्याकडे बाईसुद्धा 'मी येतो, मी करतो' असंच म्हणते. एजन्सीच्या माणसाला त्याची गंमत वाटली. त्यानं दोनदा 'करते म्हणा ताई, करते' अशी दुरुस्ती केली. तिसऱ्या वेळी तिनं विचारलं, "म्या इथं बोलनं शिकाले आलो का भित कराले?" त्यानंतर त्याचं व्याकरण बंद पडलं.

तिचा नवरा आमच्या साइटवरचा गिलाव्याचा सगळ्यात चांगला हात. होता, असं म्हणायला हवं. पावसाळ्यात त्याचा उजवा खांदा आखडला. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले, ते तो करतही होता. पण हात खांद्याच्या वर जाईना. छातीपर्यंतची भिंत तो पूर्वीसारखीच करायचा, त्यावरची त्याच्यानं होत नव्हती. मुकादमांनी त्याला स्पष्ट सांगून टाकलं होतं: ही इमारत संपेपर्यंत सांभाळून घेतो, पुढच्या साइटला तुझी जोडी नाही. म्हणजे दोघांनी गावाकडे परतायचं. गावात राहायला घर होतं, पण करायला काम नव्हतं. हात चालेनासा झालेला गवंडी गावात पारावर बसतो आणि त्याची बायको दुसऱ्याच्या शेतात निंदायला जाते, हे तिनं दिरांच्या घरी पाहिलेलं होतं. तिला ते नको होतं. पहिल्याच दिवशी ती मला बाजूला घेऊन म्हणाली होती, "मॅडम, मले कागद नाही पायजे. मले भित पायजे." ती गवंडी झाली, तर जोडी टिकणार होती. नाहीतर इमारतीबरोबर त्यांचं पुणंही संपणार होतं.

सर्टिफिकेट वाटपाचा कार्यक्रम झकास झाला. पाहुणे सरावाच्या भिंतींच्या मागे ओळीनं उभे राहिले, बायका पुढे थाप्या घेऊन बसल्या, फोटो निघाले, समोसे संपले. मी खराडीला परतले आणि माझ्या तक्त्यात त्या सगळ्या जणींना बिगाऱ्यांच्या ओळीतून उचलून गवंड्यांच्या ओळीत टाकलं. ते करताना मला फार बरं वाटलं.

पुढच्या सोमवारी साइटवर गेले, तर सगळ्या जणी घमेली वाहत होत्या.

मी तडक मुकादमांकडे गेले. मुकादम वाघोलीचेच, जुन्या शेतकरी घरातले. आमची दुसरी इमारत उभी आहे तिथे पूर्वी त्यांचा गहू असायचा. जमीन गेल्यावर त्यांनी माणसं पुरवायला सुरुवात केली आणि त्यात ते शेतीपेक्षा जास्त रमले. हट्टी माणूस, पण बेइमान नाही. मी जरा वरच्या पट्टीत विचारलं, की या गवंडी झालेल्या बायका भिंतीवर का नाहीत. त्यांनी आधी तंबाखू मळून घेतली.

"चांगल्या शिकल्यात की. न्हाय कोन म्हनतं?" ते म्हणाले. "पन मॅडम, हात पुरंल तेवढ्याच गवंडी हायत त्या. वरची भित कोन करनार? तुमी?"

गिलावा वरून खाली येतो. छतापासून सुरू करायचं आणि एका दमात जमिनीपर्यंत उतरायचं. अर्धी भिंत एकानं आणि अर्धी दुसऱ्यानं केली, तर मध्ये सांधा दिसतो. खोलीत वरपर्यंत हात पोचायला घोडी लागते, म्हणजे छातीएवढ्या उंचीच्या दोन लोखंडी चौकटी आणि त्यावर फळी. आणि घोडीवर बाई चढत नाही. हा नियम कुठेही लिहिलेला नाही, म्हणूनच तो इतका पक्का. मुकादम म्हणाले, खाली गडीमाणसं असतात, बरं दिसत नाही. बाकीचे नवरे म्हणाले, पडली तर कोण बघणार. खरी गोष्ट एका म्हातारीनं जाता जाता सांगितली, की बाई वर आणि नवरा तिच्या पायाशी, असं दृश्य कुणाला बघवत नाही.

मी सरावाच्या शेडमध्ये गेले. इतके दिवस मी तिथे दारातून डोकावून, मान डोलावून परतत होते. आज एका भिंतीला खेटून उभी राहिले. ती माझ्या हनुवटीला लागली. मी काही ताडमाड बाई नाही. सगळ्या भिंती तेवढ्याच उंच. एजन्सीच्या माणसाला फोन लावून विचारलं, की भिंती बुटक्या का. त्यानं निरागसपणे सांगितलं, की मागे उभे राहिलेले पाहुणे फोटोत दिसायला हवेत ना.

"पाहुण्यांना प्लास्टर करायचंय का?" एवढंच विचारून मी फोन ठेवला. उरलेलं मनात म्हटलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मुकादमांकडे परत जाऊन मी सौदा केला. मला एक खोली द्या. वाशीमच्या बाईंना घोडीवर चढून पूर्ण भिंत करू द्या. भिंत सपाट आहे का ते तपासायची पट्टी तुम्ही लावा, निकालही तुमचाच. भिंत पास झाली, तर पुढच्या साइटला तिची जोडी न्यायची, गवंडी म्हणून ती. नापास झाली, तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की बिचारीला हौस आहे तर करू दे. हो म्हणाले. सेफ्टी ऑफिसरनं मात्र नन्नाचा पाढा लावला, बायकांना घोडीवर चढवणं नियमात बसत नाही म्हणून. मी म्हटलं, नियम काढा, वाचू. त्यानं काढले. फळीची रुंदी होती, कठडा होता, हेल्मेट होतं. बायकांचं नाव कुठे नव्हतं आणि पुरुषांचंही नव्हतं. मग आम्ही फळी रुंद घेतली, कठडा लावला आणि तिला हेल्मेट दिलं.

ती आली तीच नवऱ्याची पँट घालून, दोरीनं कमरेला आवळून. मुकादमांनी आधी ओळखलंच नाही. कोणीतरी हाळी दिली, की घोडीवर चढली, आता वरात कुठाय? ती वरूनच म्हणाली, "वरात मांगून येते. तू बँड घेऊन ये." खोली हसली आणि हसता हसता जरा सैलही झाली. तिचा नवरा मात्र दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. माल कालवायला तो तयार झाला नव्हता. तसं त्यानं कुणाला सांगितलं नाही. फक्त सकाळपासून त्याला फावडं दिसत नव्हतं. घमेली शेजारच्या झोपडीतली बाई देत होती.

तिनं छताखालून सुरुवात केली. माल मारायचा हात सुरेख होता, भिंतीवर बसताना आवाजही बरोबर यायचा. वरचा भाग संपवून ती खाली उतरली, खालचा केला, ॲल्युमिनियमची लांब पट्टी फिरवून जास्तीचा माल खरवडला, लाकडी रंधा फिरवून भिंत घोटली. मला तर ती भिंत पास झाल्यासारखीच दिसत होती. मुकादम पुढे झाले. त्यांनी पट्टी भिंतीला उभी लावली आणि बोटानं वरच्या टोकाला जरासं दाबलं. पट्टी हलली. खालच्या टोकाला दाबलं, पुन्हा हलली. मध्ये कुठेतरी ती टेकत होती, तळाच्या खड्यावर पाट डुगडुगतो तशी.

त्यांनी हातानं चाचपून ती जागा शोधली. बरोबर माझ्या हनुवटीच्या उंचीवर, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फुगवटा होता. डोळ्यांना न दिसणारा, तळहाताला लागणारा. मुकादमांनी माझा हात धरावा तशी माझी नजर धरली.

"बघा मॅडम," ते म्हणाले, "तुमची भित हितं हाय."

खरंच होतं ते. शेडमधली बुटकी भिंत त्या भिंतीत येऊन बसली होती. महिनोन्‌महिने तिचा हात त्या उंचीवर सुरू व्हायला आणि तिथेच संपायला शिकला होता. आता पुढे भिंत असूनही तो तिथे थबकत होता, माल दाबत होता, काठ गोल करत होता. नसलेला काठ. मला रडू येईल इतका राग आला. मुकादमांचा नाही, त्यांचं बरोबर होतं. तिनं थापी उचलली आणि ओला होता तोवर तो सगळा गिलावा स्वतःच उतरवला. भिंत पुन्हा विटांची झाली.

मी मुकादमांना म्हटलं, की ही चूक तिच्या हाताची नाही, आम्ही तिला शिकवलेली आहे. शिकवलेली चूक काढायला एक संधी द्यावी लागते. ते म्हणाले, काम आता थोडंच राहिलंय, वरच्या मजल्यावरचे दोन फ्लॅट तेवढे आहेत. बरं, एकदा. पण एकदाच.

त्याच संध्याकाळी मी शेडबाहेर छताच्या उंचीची भिंत बांधायला लावली. गवंडी कुरकुरले, पण बांधून मोकळे झाले. एजन्सीचा माणूस म्हणाला, ही फोटोत कशी येणार? मी त्याला गच्चीवर जाऊन फोटो काढायला सांगितलं.

सराव सुरू झाला. मी ऑफिसला जाताना आणि येताना वाट वाकडी करून तिथे थांबायचे. दर वेळी तीच गोष्ट. वरून छान उतरायची आणि हनुवटीपाशी हात थबकायचा. घोडीवरून खाली उतरायची जागाही नेमकी तिथेच येत होती, त्यामुळे हाताला ती आठवणच राहायची. ती स्वतःवर चिडायची, उतरवायची, पुन्हा करायची. नवरा रोज येऊन विटांच्या ढिगावर बसायचा. पाहायचा आणि तोंड फिरवायचा. पण चांगल्या कारागिराला दुसऱ्याचं चुकलेलं काम किती वेळ बघवणार? एका संध्याकाळी त्याच्यानं राहवलं नाही.

"थांबू नोको," तो म्हणाला. "तिथं काय हाये? तिथं काहीच नाही."

"मले ठाऊक हाये," ती वरून म्हणाली. "हाताले सांगा."

मग त्यानं उठून घोडीच्या चौकटीची खुंटी काढून ती एक भोक खाली घेतली. दुसऱ्या दिवशी दोन भोकं वर. तिसऱ्या दिवशी फळीच्या एका टोकाखाली विटा. रोज उतरायची जागा बदलायची, म्हणजे हाताला कुठे थांबायचं ते पाठच होणार नाही. तिला ते पटलं, पण तिनं तसं कबूल केलं नाही. दोघांची तिथे अखंड भांडणं चालत. तो म्हणायचा, थापी जास्त आडवी धरली. ती म्हणायची, बसून बोलाले काय लागते. शेजारीण देत असलेला माल त्याला सगळ्यात जास्त खुपत होता. तो पातळ आहे, घसरणारच, असं तो तीन-चारदा बडबडला. शेवटी ती घोडीवरून म्हणाली, "मंग तुम्ही कालवा ना. तोंड काहून कालवता?"

तो जागचा उठला. रागानंच उठला. शेजारणीच्या हातातलं फावडं घेतलं आणि डाव्या हाताच्या जोरावर माल असा कालवला, की तिकडे बघत राहावं. वाळू आधी कोरडी फिरवली, सिमेंट एकसारखं बसू दिलं, पाणी थोडं थोडं घातलं. घमेलं भरलं आणि फळीवर ठेवलं. फळी छातीच्या उंचीवर होती. तिथपर्यंत त्याचा खांदा विनातक्रार जात होता. बायकोला बिगारी म्हणून मदत करावी, असं त्याच्या मनात आलं असेल असं मला वाटत नाही. त्याला फक्त पातळ माल सहन होत नव्हता. पण काही माणसं चांगल्या गोष्टी चिडूनच करतात. आमच्या पुण्यात तर बहुतेक सगळीच. मी गाडीत बसले आणि खराडीच्या चौकापर्यंत एकटीच हसत होते.

वरच्या मजल्यावरची भिंत तिनं नवऱ्यानं कालवलेल्या मालानं केली, तेव्हा खोलीत आम्ही तिघं आणि मुकादम एवढेच होतो. कोणी हाळी दिली नाही. ती उतरली कधी आणि खालचा भाग सुरू झाला कधी, ते मला कळलं नाही. मी बघत असूनही कळलं नाही. मुकादमांनी पट्टी उभी लावली, तिरपी लावली, आडवी लावली. वरचं टोक दाबलं, खालचं दाबलं. मग मोबाइलची बॅटरी लावून भिंतीला अगदी चिकटवून धरली, म्हणजे कुठे फुगवटा असला तर त्याची सावली पडते. प्रकाश छतापासून जमिनीपर्यंत विनाअडथळा उतरला. ते खाली बसले आणि कोपऱ्यात नख घालून पाहिलं.

"कोपरा जरा मऊ हाय," ते म्हणाले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले. "चालंल."

बाहेरच्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही. पण आमच्याकडे 'चालेल' याच्यावर दुसरी पदवी नाही. मला तिला मिठी मारावीशी वाटली. ती सिमेंटनं माखली होती आणि माझी साडी नवी होती, तरी मारली.

तेवढ्यावर गोष्ट संपली नाही. मुकादम दारात थांबले आणि तिच्या नवऱ्याकडे वळले. पुढची साइट लोहगावच्या अंगाला होती आणि ते तिथे जोड्याच नेणार होते, सुटी माणसं नाहीत. तू बिगारी म्हणून येणार का, असं त्यांनी त्याला सरळ विचारलं. खोलीत एकट्यानं माल कालवणं वेगळं आणि सगळ्या टोळीसमोर बायकोचा बिगारी म्हणून उभं राहणं वेगळं. ज्यांना त्यानं हातात थापी कशी धरायची ते दाखवलं होतं, ती पोरंही त्या टोळीत होती. मुकादम म्हणाले, उद्या सकाळी टोळी निघायची आहे, काय ते तेव्हा सांग.

सकाळी मी ऑफिसला न जाता वाघोलीला गेले. गेटपाशी टेम्पो लागलेले, पत्र्याच्या पेट्या, घमेली, गुंडाळलेली अंथरुणं चढवली जात होती. मुकादम वाळूच्या ढिगावर उभे राहून जोड्या पुकारत होते. पुकारतात ते गवंड्याच्या नावानं. नाव घेतलं, की तो हात वर करतो, बायको सामान उचलते आणि जोडी टेम्पोकडे जाते. बिगाऱ्याचं नाव घ्यायची पद्धतच नाही. दोघं मागच्या बाजूला उभे होते. तिनं नेहमीची साडी नेसली होती, वर तो शर्ट. तिच्या तोंडाकडे पाहून काही कळत नव्हतं.

मुकादमांनी सवयीनं नवऱ्याचं नाव पुकारलं. तो हलला नाही. पुन्हा पुकारलं. लोक वळून पाहायला लागले. मला वाटलं, संपलं; हा नाही म्हणणार, आणि दोघं दुपारच्या गाडीनं वाशीमला जाणार.

"माह्या नावानं नोका बोलावू," तो म्हणाला. आवाज बारीक होता, पण ऐकू गेला. "गवंडी ही हाये."

मुकादमांनी वळून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं. मग नाव सांग हिचं."

कोणाला ते माहीतच नव्हतं. इतकी वर्षं ती त्या टोळीत अमक्याची बाई म्हणूनच होती. मला सर्टिफिकेटावरून ठाऊक होतं, पण मी तोंड मिटून उभी राहिले. ते सांगणं माझं काम नव्हतं. त्यांच्याकडे नवरासुद्धा चारचौघांत बायकोचं नाव घेत नाही, पोरीची माय म्हणतो, घरची म्हणतो. त्यानं खाली पाहिलं, एकदा घसा साफ केला, आणि मग तिचं नाव सांगितलं. आधी तिचं, मग स्वतःचं, मग आडनाव, शाळेत हजेरीला सांगतात तसं सावकाश आणि पूर्ण.

मुकादमांनी ते वाळूच्या ढिगावरून मोठ्यानं पुकारलं. ती जागची हलली नाही. सवय नव्हती ना. नवऱ्यानं तिला कोपरानं ढोसलं, तेव्हा तिनं हात वर केला आणि म्हणाली, "हाये."

त्यानं पेटी उचलली, डाव्या खांद्यावर घेतली. ती थापी आणि रंधा शर्टाच्या टोकात गुंडाळून टेम्पोकडे निघाली. माझ्याजवळून जाताना थांबेल असं मला वाटलं होतं. ती थांबली नाही. तिचं लक्ष दुसरीकडेच होतं, मागे रेंगाळलेल्या नवऱ्याकडे.

"चाला बापा लवकर," ती म्हणाली. "माल कालवाचा हाये."